यलमलमचा भोंगा

आमच्या घरात हजची कहाणी कापडापासून सुरू होते. काबा, जमजम, अरफात हे सगळं नंतर. आधी येतं ते मांजरपाटाचं ठाण, त्याचा अरुंद पन्हा आणि नानीने त्याला घातलेला दंड.

नाना, म्हणजे आईचे वडील, 1950 च्या आगेमागे हजला गेले. दाभोळच्या खाडीकाठचं आमचं गाव. घरटी एक पुरुष बोटीवर खलाशी, उरलेले भातशेतीत. नाना शेतीतले. कापडावर तेव्हा नियंत्रण होतं. 'कंट्रोलचं कापड' हे शब्द घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी शेवटपर्यंत राहिले. दुकानात मिळालं ते घेऊन नाना आले, तर पन्हा इतका कमी की कमरेला गुंडाळलं तर गुडघे जेमतेम झाकले जात. वाऱ्यात, गर्दीत, उठताबसता त्यावर भिस्त ठेवणं शक्य नव्हतं. नानीने दोन पाट जोडले. लुगडं विरलं की मधला भाग काढून बायका दंड घालतात, तसेच बारीक, सरळ टाके तिने घातले आणि कापड धुऊन वईवर वाळत टाकलं.

शेजारच्या एका वडीलधाऱ्यांनी ते पाहिलं. "सुई लावलीस? मग याचा इहराम कसा व्हायचा?" हजला पुरुषाने बिनशिवलेली दोनच वस्त्रं घ्यायची, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. नानी रडकुंडीला आली. दुसरं कापड मिळायचं नव्हतं आणि बोटीची तारीख ठरलेली.

नानांनी कापड काखोटीला मारलं आणि ते मशिदीच्या खतीबसाहेबांकडे गेले. खतीबसाहेबांनी शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "सुईने काही बिघडत नाही. कापडाला अंगाचा आकार दिला की बिघडतं. याला बाह्या आहेत? गळा आहे? पायांच्या दोन नळ्या आहेत? नाहीत ना? मग खुशाल नेसा. फाटलं तर ठिगळ लावा."

तीन तोंडांतून माझ्यापर्यंत येताना त्यांचे शब्द थोडेफार बदलले असतील. नियम मात्र त्यांनी बिनचूक सांगितला होता. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मजहबचे, म्हणजे त्या विधिपरंपरेचे. तेराव्या शतकातल्या इमाम नववींपासून शाफई विद्वानांनी हेच लिहून ठेवलं आहे: जोडलेली, ठिगळ लावलेली चादर चालते, अंगाच्या मापाने बेतलेलं वस्त्र चालत नाही. तरीही आज, इतक्या वर्षांनी, चादरीच्या काठाला मारलेली शिलाई पाहून घाबरलेली माणसं मला भेटतात. तेव्हा मी त्यांना नानीच्या दंडाची गोष्ट सांगतो.

हा सगळा नियम एका साध्या प्रश्नातून आला. पैगंबरसाहेबांना कोणीतरी विचारलं, इहरामात असलेल्या माणसाने काय घालावं? हजरत इब्न उमर यांनी ते उत्तर पुढे सांगितलं आणि बुखारी, मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ते आहे. विचारलं होतं काय घालावं, आणि उत्तर आलं काय घालू नये याचं. सदरा नको, पागोटं नको, विजार नको, डोकं झाकणारा बुर्नुस नको, चामडी मोजे नकोत, आणि केशर किंवा वर्स नावाच्या सुगंधी वनस्पतीने रंगवलेलं काही नको. एवढं वगळलं की उरलेलं सगळं मोकळं. पांढरा रंग उत्तम मानतात, पण सक्ती कुठेही नाही. लगेच पुढे सवलतीही आहेत. वहाणा नसतील तर मोजे घोट्याखाली कापून घाला. दुसऱ्या एका हदीसमध्ये, कमरेला गुंडाळायला कापडच मिळालं नाही तर विजार घाला, असंही म्हटलं आहे. ज्याच्याकडे काहीच नाही अशा माणसाचा विचार नियमाच्या आतच केलेला आहे. कंट्रोलच्या दिवसांत हजला निघालेल्या शेतकऱ्याला हा धर्म आपला वाटला, यात नवल नाही.

खतीबसाहेब गावातल्या पोरांना अरबस्तानातली जुनी हकिगतही सांगायचे. नाना ती पुन्हापुन्हा सांगत, आणि पुढे मी ती वाचली तेव्हा अंगावर काटा आला. इस्लामच्या आधीही काब्याभोवती फेऱ्या, म्हणजे तवाफ, घातल्या जात. मक्केचे कुरैश आणि त्यांच्याशी जोडलेली काही कुळं स्वतःला 'हुम्स' म्हणवत, म्हणजे धर्मात कडक; पवित्र भूमीचे मानकरी आपणच, असं ते मानत. बाहेरून आलेल्या अरबांनी आपल्या कपड्यांत तवाफ करायचा नाही असा त्यांचा दंडक होता, कारण त्या कपड्यांत त्यांनी पापं केलेली. मग हुम्सांपैकी कोणाकडून कपडे मागून किंवा भाड्याने घ्यायचे. ते मिळाले नाहीत तर नागव्याने फेऱ्या घालायच्या. कोणी स्वतःच्याच कपड्यांत फेऱ्या घातल्या तर नंतर ते कपडे तिथेच टाकून द्यायचे. त्यांना पुन्हा कोणी हात लावायचा नाही. ज्याची मक्केत ओळख त्याला वस्त्र, ज्याची नाही त्याला लाज. हेच हुम्स इतर लोकांबरोबर अरफातच्या मैदानात जात नसत. आम्ही हरमचे लोक, आम्ही मुजदलिफापर्यंतच येणार, असं म्हणत.

हिजरी 9 मध्ये, म्हणजे 631 साली, हजरत अबू बकर यांच्या नेतृत्वाखाली हजचा काफिला गेला आणि तिथे हजरत अलींनी जाहीर केलं की यापुढे कोणीही नागव्याने तवाफ करणार नाही. पुढच्या वर्षी पैगंबरसाहेब स्वतः हजला गेले तेव्हा कुरैशांना वाटलं होतं की ते मुजदलिफालाच थांबतील. ते थांबले नाहीत. सगळ्यांबरोबर अरफातला गेले. कुरआनच्या दुसऱ्या सूरेतही, लोक जिथून परततात तिथूनच तुम्हीही परता, अशी आज्ञा आहे. दोन साध्या कापडांचा नियम मला या प्रसंगांपासून वेगळा काढता येत नाही. उघड्याला झाकलं आणि मिरवणाऱ्याचा झगा उतरवला, अशी दोन्ही कामं त्याने एकदम केली.

नाना गावाहून आगबोटीने मुंबईला आले, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरले. लोखंडी ट्रंक, वळकटी, तांदूळ, सुकी मासळी, लोणच्याची बरणी. ट्रंकेच्या तळाशी इहराम. पुढे मुघल लाइनची बोट. ही कंपनी 1877 साली मुंबईत 'बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन' या नावाने सुरू झाली आणि हाजींची ने-आण हेच पुढे तिचं मोठं काम झालं. नाना डेकचे उतारू. वर केबिनमध्ये कोण कोण होतं, हे ते नावनिशीवार सांगत: अमुक गावचे खोत, मुंबईतले एक कापडाचे व्यापारी, कुठल्याशा संस्थानातले निवृत्त दिवाण. शेरवानी, फेजटोपी, रेशमी लुंगी. डेकवर चौकड्याच्या लुंग्या, बंड्या, पायजमे. जेवणाची वेळ वेगळी, पाण्याचा नळ वेगळा. एडनपर्यंत हे असंच चाललं.

हिंदुस्थानातून समुद्राने जाणाऱ्यांची मीकात यलमलम. मीकात ही हद्द. तिच्यापुढे हजयात्रेकरूने इहरामाशिवाय जायचं नाही. मदीनेहून येणाऱ्यांची जुलहुलैफा, शाम आणि मिसरकडून येणाऱ्यांची जुहफा, नज्दकडून येणाऱ्यांची कर्न अल-मनाजिल, इराककडून येणाऱ्यांची जात इर्क, आणि येमेनच्या बाजूने येणाऱ्यांची यलमलम. आपली बोट तांबड्या समुद्रातून उत्तरेला जाताना त्या यलमलमच्या समोरून जायची. किनारा काही दिसत नसे. बोटीवर आधीच सूचना मिळे, नळांवर झुंबड उडे, आंघोळी होत, नखं कापली जात, मिशा कातरल्या जात, कारण नंतर केसाला आणि नखाला हात लावायचा नाही. कपडे ट्रंकेत जात. दोन रकात नमाज. आणि मग भोंगा वाजे.

या भोंग्याबद्दल सांगताना नानांचा आवाज बदलायचा. "भोंगा वाजला, आणि वरचे सगळे खाली आले का खालचे वर गेले, काय समजलंच नाय," असं ते म्हणत. खोतसाहेब त्यांच्या शेजारी उभे. उघडं डोकं, एक चादर कमरेला, एक खांद्यावर. गावाकडे ज्यांच्यासमोर पागोट्याशिवाय जायची प्राज्ञा नव्हती, त्यांचं टक्कल नानांनी पहिल्यांदा पाहिलं. एकदम शेकडो गळ्यांतून 'लब्बैक' उठलं. खोतांनी नानांचा हात धरला होता. बोट हलत होती आणि खोतांना तोल सावरता येत नव्हता, हे कारण. पण तो हात नाना आयुष्यभर विसरले नाहीत.

खोत जेद्दाहला उतरल्यावर पुन्हा चांगल्या गाडीतूनच गेले, हेही नाना सांगत. वस्त्राने माणसाची मालमत्ता पुसली जात नाही. मीही याला डोळे मिटून समता म्हणत नाही. तरी ज्या समाजात टोपीच्या उंचीवरून बसायची जागा ठरायची, तिथल्या माणसाला काही दिवस डोकं उघडं ठेवून शेतकऱ्याच्या शेजारी उभं करणं हे लहान काम नव्हे.

नानांच्याही आधीची एक कहाणी आहे, पणजोबांची. इब्न सौदने हिजाज घेतल्यानंतरच्या वर्षांतली. तेव्हा येमेनच्या किनाऱ्याजवळच्या कामरान बेटावर हाजींना क्वारंटाइनसाठी उतरवत. पटकीच्या साथींमुळे ऑटोमन सरकारने 1882 मध्ये ते ठाणं उभारलं, पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिशांच्या हाती गेलं आणि 1952 पर्यंत चाललं. तिथे अंगावरचे कपडे काढून घेत आणि वाफेच्या यंत्रात घालत, हाजींना औषधी पाण्याने आंघोळ घालत आणि तोवर अंगाभोवती गुंडाळायला एक फडकं देत. पणजोबांना हा अपमान जन्मभर सलत राहिला. इंग्रजाच्या हुकमाने कपडे उतरवणं आणि दोन-तीन दिवसांनी यलमलमला आपल्या राजीखुशीने उतरवणं, या दोहोंतला फरक ते मुलांना बसवून समजावत. दोन्ही वेळा अंगावर फडकंच होतं. मला वाटतं, इहरामाबद्दल आमच्या घरात कोणी याहून खोल काही सांगितलेलं नाही.

हे वस्त्र ज्यांच्या अंगाला लागलंच नाही त्यांच्याही कहाण्या आमच्या किनाऱ्यावर आहेत. दाभोळ हे आदिलशाहीचं मोठं बंदर, तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गलबतांचं. तिथली धक्क्याजवळची मशीद, जिला लोक अंडा मशीद म्हणतात, तिची गोष्ट आम्हाला प्रत्येक म्हाताऱ्याने सांगितली. विजापूरच्या राजघराण्यातली आयेशाबीबी मक्केला जायला म्हणून 1659 च्या सुमाराला मोठा लवाजमा घेऊन दाभोळला आली. समुद्रात चाच्यांची भीती होती, पुढे जाता येईना. मग हजसाठी आणलेल्या पैशातून तिने ही मशीद बांधली. त्याच्याही आधी, 1576 मध्ये, अकबर बादशहाने हजचा काफिला रवाना करताना स्वतः इहरामासारखी वस्त्रं अंगावर घेतली, अनवाणी, उघड्या डोक्याने काही पावलं काफिल्याबरोबर चालला आणि मागे फिरला, असं बदायुनीने लिहिलं आहे. एकाही मुघल बादशहाने हज केला नाही. आमच्या खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी आणि खलाशांनी मात्र केला, पिढ्यान्‌पिढ्या, भात विकून.

खलाशांवरून मोठ्या चाचांकडे येतो. ते मुघल लाइनवर खलाशी म्हणून लागले आणि सारंग होऊन निवृत्त झाले. 'मुजफ्फरी', मग 'अकबर'. नियमांचं पुस्तकी ज्ञान त्यांना फारसं नव्हतं, पण हजारो माणसांना इहराम घेताना त्यांनी पाहिलं होतं आणि कोण कुठे अडखळतो ते त्यांना पाठ होतं.

पहिली अडचण वाऱ्याची. डेकवर वारा सुटला की वरची चादर उडते. माणूस गाठ मारायला बघतो, टाचणी लावायला बघतो. चाचा सांगत, "खाली गाठ मारा, वर नको." शाफई मत हेच आहे: कमरेच्या वस्त्राला गाठ किंवा वरून दोरी चालते, खांद्यावरच्या चादरीला गाठ किंवा टाचणी चालत नाही. ती धरायची, सावरायची. हाताला सतत काम. पैशांसाठी कमरेला कसा बांधायला हरकत नाही. हजरत आयेशांनी त्याला परवानगी दिल्याचं सांगतात. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी खास नोटा काढल्या होत्या, क्रमांकाआधी 'एचए' अक्षरं असलेल्या. चाचांच्या वेळच्या हाजींच्या कशात त्या नोटा असत.

दुसरी अडचण तेलाची, आणि ती खास आमची. कोकणातला माणूस सकाळी डोक्याला खोबरेल लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. अत्तर, सुवासिक साबण इहरामात बंद, हे सगळेच जाणतात. पण शाफई मजहबात डोक्याच्या आणि दाढीच्या केसांना बिनवासाचं तेलही लावायचं नाही, अंगाला चालतं. चाचा नवख्यांना खोबरेलाची बाटली डोक्याजवळ नेताना हटकत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला लावायला सांगत. ते अगदी गरजेचं. आत चड्डी नसते, काब्याभोवती आणि सफा-मरवामध्ये मैलोनमैल चालायचं, मांड्या घासून सोलवटतात आणि धडधाकट माणूस दुसऱ्या दिवशी लंगडतो. कुठलाही आलिम हे भाषणात सांगत नाही. चाचा सांगत.

बोटीवर उत्तर प्रदेश, बिहारचे हाजी हनफी मजहबचे आणि आम्ही शाफई. डेकवर वाद रंगत. चप्पल कशी असावी यावर हनफी मंडळी फार काटेकोर: पावलावरचं उंच हाड उघडं राहिलं पाहिजे. म्हणून हवाई चप्पल आली तेव्हा सगळ्यांचाच प्रश्न सुटला. उजव्या खांद्याचा वाद जास्त चाले. मक्केत पोचल्यावरच्या पहिल्या तवाफात पुरुष वरची चादर उजव्या काखेखालून घेऊन डाव्या खांद्यावर टाकतात आणि पहिल्या तीन फेऱ्यांत झपझप चालतात. यामागचा प्रसंग हिजरी 7 मधला, म्हणजे 629 सालचा. मुसलमान मदीनेहून उमऱ्याला आले तेव्हा कुरैश म्हणू लागले, यसरिबच्या तापाने यांचं बळ गेलंय. पैगंबरसाहेबांनी सोबत्यांना खांदा मोकळा करून दमदार चालायला सांगितलं. आजारी म्हणून हिणवलेल्या माणसांची ती चाल अजून जिवंत आहे. हनफी हे तवाफापुरतं ठेवतात. शाफई सफा-मरवाच्या सईतही करतात. पण मधल्या दोन रकात नमाजेला खांदा झाकायचा, यावर दोघांचं एकमत. आणि नेमकं हेच लोक विसरतात. यलमलमपासूनच खांदा उघडा टाकून बसतात. जेद्दाह येईपर्यंत त्यांचा खांदा भाजून निघालेला चाचांनी कितीदा तरी पाहिला. आज विमानतळावर फोटो काढणारे हाजी पाहा, निम्म्यांचे खांदे उघडे असतात. कोणी जवळचं असेल तर त्याला सांगा.

चाचांनी स्वतः हज केला तो सत्तरच्या दशकात, थंडीत. मुजदलिफाची रात्र उघड्यावर काढायची. त्यांच्याबरोबर गावातले एक वृद्ध होते, थंडीने कुडकुडत. अंगावर घोंगडी घ्यायला हरकत नाही, डोक्यावर मात्र नको. ते बिचारे झोपेत घोंगडी डोक्यावर ओढत आणि चाचा ती हळूच खाली घेत. सकाळी वृद्धांना कळलं तेव्हा ते रडू लागले, माझा इहराम गेला म्हणाले. चाचांनी काफिल्यातल्या आलिमांना विचारलं. झोपेत, विसरून, न कळत झालं त्याला शाफई मजहबात भरपाई नाही, असं उत्तर मिळालं. आणि आजारपणाने, जाणूनबुजून नियम मोडावा लागला तर फिदयाचा रस्ता आहे: तीन रोजे, किंवा सहा गरिबांना जेवण, किंवा एक बकरा. काब इब्न उजरा या सोबत्यांच्या डोक्यात उवा झाल्या आणि त्या तोंडावर ओघळू लागल्या, तेव्हा त्यांना डोकं भादरायची परवानगी मिळाली ती याच रस्त्याने.

चाचांची शेवटची गोष्ट मृत्यूची. भोंगा वाजून गेल्यावर, जेद्दाह काही तासांवर असताना, एक कोकणी हाजी डेकवर गेले. इहराम अंगावर. गुसल दिला, आणि मग डोकं झाकायचं की नाही यावर हनफी आणि शाफई मंडळी अडली. अरफातला उंटावरून पडून वारलेल्या एका माणसाविषयी पैगंबरसाहेबांनी सांगितलं होतं: त्याला पाण्याने आणि बोरीच्या पाल्याने न्हाऊ घाला, त्याच्या त्याच दोन कापडांत गुंडाळा, सुगंध लावू नका, डोकं झाकू नका, कयामतच्या दिवशी तो लब्बैक म्हणतच उठेल. शाफई हे प्रत्येक इहरामधारी मृताला लागू मानतात. हनफी त्याला इतरांसारखंच पूर्ण कफन देतात. शेवटी हनफी इमामच म्हणाले की मयत ज्याच्या मजहबची, त्याच्या मताने होऊ द्या. डोकं उघडं ठेवलं. जेद्दाहला उतरवून दफन केलं. चाचा म्हणत, चेहऱ्यावर ऊन येत होतं म्हणून दोघं जण चादर वर धरून उभे होते, डोक्याला न टेकवता.

सावलीचा नियम हाच आहे. डोक्याला चिकटणारं काही नको, पण छत्री, तंबू, गाडीचं छप्पर चालतं. जमरातला खडे मारताना पैगंबरसाहेबांवर एका सोबत्याने कापड धरून सावली केली होती. शिया जाफरी मजहबात प्रवासात पुरुषाने सावलीही घ्यायची नाही, म्हणून इराणी हाजींच्या बसना कधी कधी छप्पर नसतं. आपल्याकडच्या सुन्नी हाजींवर असं काही बंधन नाही. तरी छत्री घेतली तर हजचं पुण्य कमी होईल असं समजून भर उन्हात उघड्या डोक्याने चालणारे असतात. 2024 च्या हजमध्ये मक्केत पारा 51.8 अंशांवर गेला आणि 1,300 हून अधिक माणसं दगावली. त्यात बहुतेक अधिकृत परवान्याशिवाय आलेली, सावली आणि पाण्याच्या सोयीपासून दूर राहिलेली होती. ज्या धर्माने उवांसाठी सवलत दिली, तो छत्री नाकारेल कसा?

1995 मध्ये 'अकबरी' या बोटीने मुंबईहून शेवटचे हाजी नेले. बारा-पंधरा दिवसांचा तो प्रवास संपला. आता इहराम मुंबईतच घेतात, विमानतळावर किंवा घरी, कारण मीकात आकाशात मिनिटभरात मागे पडते; वैमानिक सांगतो आणि नियत केली जाते. सरळ मदीनेला जाणारे तिथून निघताना घेतात. एडनपर्यंत शेरवानी आणि पुढे चादर, हा हळूहळू होणारा बदल गेला. मोहम्मद अली रोडवर टर्किश टॉवेलच्या कापडाचे इहराम मिळतात, जाड, घाम टिपणारे. इलॅस्टिक घालून परकरासारखी शिवलेली तयार वस्त्रंही आली आहेत. त्यांच्याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. माझं मत विचाराल तर धडधाकट माणसाने ती घेऊ नयेत. चादर सावरताना हात गुंततो, माणूस सावकाश चालतो, बाजूच्याचा पदर पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघतो, आणि कधी सुटली तर अनोळखी माणूस ती धरतो. हे सगळं इलॅस्टिकने जातं. आजाऱ्याची, वृद्धाची, ज्याला लघवीवर ताबा नाही त्याची गोष्ट वेगळी. त्याने आपल्या आलिमांना विचारून सोयीचं ते घ्यावं आणि मनात किंतु ठेवू नये.

नानी हजला गेली नाही. बायकांना हे कापडाचे नियम नाहीतच. त्या आपल्या नेहमीच्या शिवलेल्या कपड्यांत जातात, फक्त नकाब आणि हातमोजे नसतात. नाना परत आल्यावर तिने तो दंड घातलेला मांजरपाट धुऊन जपून ठेवला आणि पुढे नानांच्या कफनासाठी काढला.

बोटीने हजला गेलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. रत्नागिरीत, रायगडात, मुंबईच्या डोंगरीत आणि नागपाड्यात, भिवंडीत, मालेगावात ती असतील. तुमच्या घरात, शेजारात असं कोणी असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा: कापड कुठून आणलं, गाठ कशी मारली, भोंगा वाजला तेव्हा शेजारी कोण उभं होतं. आणि ते जे सांगतील ते त्याच दिवशी लिहून काढा.